दोन अठरा ते दोन एकतीस

नाही, थांब, दिपमाला — गोणपाट होतं असं मी आत्ता म्हणालो खरा, पण ते मला आठवतंय म्हणून म्हणालो, की अहवालात मीच तसं लिहिलंय म्हणून म्हणालो, हे माझं मलाच सांगता यायचं नाही. येत्या होळीला सात वर्षं होतील. मला एकाहत्तरावं चालू आहे. चष्मा डोळ्यांवर असताना मी घरभर चष्मा शोधतो आणि मंदा कपाटाला टेकून हसत उभी राहते. पण म्हणून असं समजू नकोस, की नाना आता घसरले, दोन धक्के दिले की हवं ते लिहून देतील. शिफारसपत्र मी देणार नाही. आधीच सांगून ठेवतो, मग नंतर डोळ्यांत पाणी नको. तू सकाळच्या गाडीनं दोंडाईच्याहून उपाशीपोटी आलीस, मंदा आत पोहे करतेय, ते खा, चहा घे, पिंप्राळ्यात नवीन काय काय झालंय ते बघ — पण पत्र नाही.

अर्पितशेठनं मागितलंय म्हणे. का? सगळ्या तालुक्यात ते फिल्टरवालं छोटं ट्रॅक्टर एकट्या तुझ्या बापानं, चुडामणनं चालवलंय — चाचणीचे तीन महिने, रोज, कंपनीचा निरीक्षक म्हणून मी स्वतः शेजारी वही घेऊन बसलेला असायचो — आणि आता तीच ट्रॅक्टरं अर्पितच्या एजन्सीत विकायला येणार, शेतकऱ्यांना ती शिकवायला माणूस हवा, तर चुडामणला सोडून हा दुसऱ्या कुणाला घेणार? घेतच होता ना? तूच म्हणालीस, तोंडी होकार दिला होता. आणि मग त्याच्या आजोबांच्या, चंपालालशेठच्या कपाटातून त्या चाचणीचा माझा अहवाल निघाला. पान अकरा. 'चालकाने यंत्राच्या तप्त भागावर ओले गोणपाट टाकल्यामुळे आग लागली.' एकच वाक्य, दोन ओळींचं सुद्धा नाही. अर्पित काय म्हणाला? — ज्यानं फिल्टरवर गोणपाट टाकून आजोबांची मिरची जाळली, तो लोकांना फिल्टर शिकवणार? — बरोबर आहे त्याचं. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. कागदावर विश्वास ठेवायचा असतो, दिपमाला. मी चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं — तुम्हाला काय वाटतं ते सांगू नका, वहीत काय लिहिलंय ते दाखवा. उष्णतेच्या विषयात डॉक्टरेट आहे माझी. विभागप्रमुख होतो. माझ्या हाताखालची पोरं आज कुठं कुठं इंजिनं बनवताहेत. माझ्या वहीत आजवर खाडाखोड नाही.

तुला ते फिल्टर म्हणजे काय हे तरी माहीत आहे का? बापानं सांगितलंय? त्यानं काय सांगितलं असेल — खापर. खापर म्हणाला ना? बघ! ते माझं वाक्य आहे, मी शिकवलंय त्याला! पुण्याच्या कंपनीचे साहेब आले होते, इंग्रजी पुस्तक घेऊन, काजळी अमुक ग्रॅम आणि दाब तमुक — चुडामण नुसता मान हलवतोय. मी म्हटलं, अरे, घरी मांडे करतात ना? खापराला पीठ चिकटून काळं झालं तर आपण ते घासत नाही. विस्तव वाढवतो. जळून झडून जातं, खापर पुन्हा पांढरं. हे तसंच. धुरातली काजळी त्या जाळीत अडकते. जाळी भरली की पिवळा दिवा लागतो. मग ट्रॅक्टर मोकळ्या जागी उभं करायचं, बटण दाबायचं आणि लांब उभं राहायचं — इंजीन आपोआप जोरात फिरतं, आपलं आपण तापतं, सहाशे अंशांपर्यंत, आणि आतली काजळी जाळून टाकतं. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. तेवढा वेळ काही करायचं नाही. काही म्हणजे काही नाही. हात मागं बांधून उभं राहायचं. हे सगळ्यात अवघड आहे बघ. तापलेल्या वस्तूजवळ काही न करता उभं राहणं हे आपल्या खान्देशात कुणाला जमतं? आपल्याकडं काही तापलं की पहिलं काम काय — ओलं फडकं. माठाला ओलं फडकं, डिझेलच्या कॅनला ओलं फडकं, विहिरीवरच्या मोटरला ओलं पोतं, आणि मे महिन्यात माणसाच्या डोक्याला सुद्धा. हात आपोआप जातो, आणि सहाशे अंशांवर ते फडकं दोन मिनिटांत वाळून पेट घेतं. म्हणून मी अहवालात लिहिलं ना, की ही या भागातली सवय आहे, कंपनीनं पुस्तकात ठळक अक्षरांत इशारा द्यावा! ती शिफारस माझीच. ती कुणी वाचत नाही. चुडामणचं तेवढं वाचतात.

ठसका म्हणतात ना त्याला गावात? ठसका चुडामण. मला माहीत आहे, मला सगळं माहीत आहे, मागे तुमच्या गल्लीतल्या जीवनच्या लग्नात दोंडाईच्याला आलो होतो तेव्हा पानाच्या ठेल्यावर ऐकलं. कुणीतरी खोकलं आणि दुसरा म्हणाला, काय रे, चुडामण आला का? — सगळे हसले. मीही — नाही, मी हसलो नाही. मला वाटतं मी हसलो नाही.

त्या दिवसाचं सांगतो. सांगायला माझं काय जातं? होळीनंतरचा आठवडा, ऊन चाळिशीच्या वर. चंपालालशेठची मिरची वाळत घालायची पथारी — तू लहान असशील तेव्हा, पण पाहिली असशील — चार एकर नुसता लाल गालिचा. हंगाम संपत आलेला, शेवटची मिरची पोत्यांत भरून कडेला थप्पी लावलेली. सकाळपासून आम्ही शेजारच्या रानात ट्रॅक्टर फिरवलं आणि दोनच्या सुमारास दिवा लागला. उघडी सपाट जागा म्हणजे पथारीच, म्हणून तिथं उभं केलं. कुणी ठरवलं? मी ठरवलं. जागा मोकळी होती. थप्पी वीस हात लांब होती — वीस, की पंधरा — वहीत आहे. शेठ सावलीत खाटेवर बसलेले. बाया मिरची निवडत होत्या, त्यांना वाटलं ट्रॅक्टर बिघडलं, उठून बघायला यायला लागल्या. आणि मग ते इंजीन आपलं आपण वाढलं. तुला सांगतो, मी ते फळ्यावर शंभर वेळा काढलंय, सूत्रं तोंडपाठ, पण सीटवर माणूस नाही, ॲक्सिलरेटरवर पाय नाही, आणि यंत्र आपल्या मनानं ओरडायला लागतं ना — गाय दावं तोडायच्या आधी जशी एक दिशा धरून बघते तसं — तेव्हा दोन पावलं मागं सरकावंसं वाटतं. मला नाही. कुणालाही वाटेल असं म्हणतोय.

मग धूर. मिरचीचा धूर तू कधी घेतलायस का? फोडणीचा नव्हे. पोत्यांचा. मी सांगतो, तोफ परवडली. ठिणगी इंजिनाच्या पंख्याच्या वाऱ्यावर उडाली आणि पहिलं पोतं धुमसलं, आणि दोन मिनिटांत पथारीवर एकाही माणसाचा डोळा उघडा नव्हता. शेठ खाटेवरून खाली, बाया पदर तोंडाला लावून फाटकाकडे, मी ट्रॅक्टरच्या मागं गुडघ्यावर — श्वास नाही, डोळे नाहीत, नुसतं पाणी. अर्धं दोंडाईचा खोकलं त्या दिवशी, स्टेशनवरचे प्रवासी सुद्धा. आणि धूर जरा विरला तेव्हा सगळ्यांनी काय पाहिलं? चुडामण ट्रॅक्टरजवळ उभा, आणि त्याच्या हातात जळतं फडकं. झालं! आणखी काय पुरावा हवा? शेठ म्हणाले, 'अरे, इणेच टाकलं!' बाया म्हणाल्या, त्यानंच टाकलं. मी म्हणालो — नाही, मी लिहिलं. एवढी माणसं एकच सांगताहेत म्हटल्यावर मी वेगळं काय लिहिणार? पाहणी, निष्कर्ष, सही.

काय दाखवतेस? पान अकरा नाही? नऊ? नऊवर काय आहे, नऊवर नुसते आकडे आहेत माझे, वेळा आणि तापमान — आण इकडे, चष्मा — हो, डोळ्यांवरच आहे. वाचतो. दोन पाच, दिवा. दोन सात, बटण दाबले. दोन दहा, चुडामणला फाटकाकडे पाठवले, बायांना थोपवण्यासाठी. दोन चौदा, पाचशे चाळीस अंश. दोन अठरा, पाचशे नव्वद. दोन एकतीस, आग आटोक्यात. — बरं मग? हो, माझंच अक्षर आहे. दोन दहाला तो फाटकाकडे गेला. गेला असेल. परत आला असेल. माणूस जातो आणि येतो, फाटक काही मुंबईला नव्हतं. परत आल्याची नोंद नाही? नसेल. प्रत्येक पावलाची नोंद ठेवायला मी काय पोलीस आहे? घड्याळही पुढंमागं असतं. हे बघ, बापासारखीच बोट ठेवून बसलीस तू — उचल ते.

दोन अठरा ते दोन एकतीस काही लिहिलेलं नाही, हे मला दिसतंय. मला दिसत नाही असं वाटलं का तुला? दर चार मिनिटांनी आकडा घ्यायचा होता. दोन बावीसचा नाही. दोन सव्वीसचा नाही. तेरा मिनिटं. माझ्या हाताखालच्या पोरानं असं केलं असतं तर मी वही फेकून दिली असती — तापमान चढतंय, नेमकं महत्त्वाचं तेव्हाच तू कुठं होतास, म्हणून विचारलं असतं. कुठं होतो मी? तिथंच होतो. ट्रॅक्टरपाशी. दुसरं कोण असणार, सगळे लांब पाठवलेले, मीच पाठवलेले. मी पाचशे नव्वद लिहिलं आणि मला चांगलं माहीत होतं की हे बरोबर आहे, अजून दहा चढणार, मग उतरणार. माहीत होतं. फक्त तो पत्रा थरथरत होता आणि वर हवा पाण्यासारखी हलत होती आणि मला वाटलं, यात आपली काही चूक झाली असली तर? एखादा आकडा? चाळीस वर्षं शिकवलं, पण हात कधी लावला होता? खरं सांग, पुस्तकातल्या आकड्यावर तुझा जीव टाकशील तू? मी काही घाबरलो नव्हतो. मी विचार करत होतो. विचार करताना माणूस मानेवरचा पंचा काढतो, कपाळ पुसतो, एवढंच.

अगं, आण ते पोहे, किती वेळ! — पंचा? हो, पंचा असायचा माझ्याकडं, सगळ्यांकडं असतो, उन्हाळ्यात मंदा मला पंचा भिजवून दिल्याशिवाय घराबाहेर सोडायची नाही. त्या दिवशीही दिला होता. बघ, आता ही मध्येच बोलणार — नको सांगूस तिला, मंदा. नको म्हणतोय ना! — सांगितलंच. हो, त्या दिवशी पंचा घरी परत आला नाही. हरवला. मी आल्या आल्या हिनं विचारलं, आणि मी म्हटलं हरवला. माणसाचा पंचा हरवू नये का? मिरचीच्या धुरात माणसं चपला सोडून पळाली, एक बाई तर पोळ्यांचा डबा विसरली.

तुझ्या बापाचा हात कसा आहे? ती दोन बोटं सरळ होतात का? नाही होत. घास घेताना अंगठ्यानं दाबून घेतो — पाहिलंय मी, त्याच लग्नात पंगतीत समोरच बसला होता. माझ्याकडं बघून हसला आणि वाढप्याला म्हणाला, 'नानाले वरणबट्टी वाढ.' मी दवाखान्यात गेलो होतो त्याला बघायला, दुसऱ्याच दिवशी, अहवाल लिहायच्या आधी. हात पांढरा बांधलेला. मी म्हटलं, चुडामण, तू ते जळतं कशाला धरलंस? तर म्हणतो — 'नाना, तुम्ही खाले बठेल व्हतात, ते तुमना आंगवर पडतं.' वर म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या नाना. तुमनं नाव मोठं शे, मना हात तं बरा व्हई जाई.' मला वाटलं, तो माफी मागतोय. शपथेवर सांगतो, मला तेव्हा तसंच वाटलं. गरीब माणूस, शेठची मिरची जळालेली, साहेबासमोर बोलताना गांगरला असेल. एवढं साधं वाक्य, अहिराणीत माझा जन्म गेला, माझ्या आईची भाषा ती, आणि मला कळलं नाही. की कळलं? तुला काय वाटतं? — नको, तू बोलू नकोस. तुला काय वाटतं ते मला विचारायचं नाहीये.

तू अशी बघू नकोस माझ्याकडं. मी काही पळालेला माणूस नाही. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर हे वहीचं पान त्यानं केव्हाच फाडलं असतं. मी फाडलं? नाही. आकडे आहेत तिथंच आहेत. तेरा मिनिटं कोरी आहेत, तर कोरीच ठेवली, नंतर बसून भरली नाहीत. आणि ते जळकं फडकंही टाकून दिलं नाही — टोक शिल्लक होतं वितभर, लोंबणारं, न जळालेलं — पाकिटात घातलं, चिकटवलं, वर लिहिलं, 'जळालेल्या गोणपाटाचा अवशेष'. डोळ्यांतून पाणी गळत होतं, काय घातलं ते दिसलंही नाही. भोवती सगळी तागाची पोती, म्हणून गोणपाट. लिहून टाकलं. आधी लेबल आणि मग वस्तू — हे मी पोरांना कधीच करू दिलं नसतं.

मंदा, कपाट उघड. खालचा कप्पा, जुन्या परीक्षांच्या फायलींखाली. आण म्हणतोय ना. तीन वर्षं तूच मागं लागली होतीस ना, पाठवा म्हणून? मग आण.

हे घे. आणि पत्र मी देत नाही, अजूनही नाही. का देत नाही, कळलं का? पत्र दिलं तर अर्पित म्हणेल, म्हाताऱ्याला दया आली, पोरगी रडली आणि नानांनी लिहून दिलं. तुझ्या बापाला कुणाच्या दयेची गरज नाही. तो माणूस ते यंत्र माझ्यापेक्षा चांगलं ओळखतो. मी पाचशे नव्वद आकडा वाचून गडबडलो, आणि तो फाटकावरून नुसता आवाज ऐकून बायांना सांगत होता, की अजून दहा मिनिटं, मग शांत होईल — हे मला शेठच्या पथारीवरच्या सुगनबाईंनी नंतर सांगितलं, तेही मी लिहिलं नाही. अर्पितला हे पाकीट दे. पान नऊची ही प्रत दे. आणि पान अकराच्या खाली मी आत्ता लिहितो ते दे — पेन कुठाय — 'चालकाने' हा शब्द चूक आहे. तिथं 'निरीक्षकाने' वाचावे. 'गोणपाट' हा शब्द चूक आहे. सही. तारीख. झाली पहिली खाडाखोड. कंपनीला कळू दे, कॉलेजला कळू दे, उद्या पेपरात छापून आलं तर पिंप्राळ्यातल्या ह्या घरावर नावाची पाटी आहे, लपून बसणार नाही. मला ठसका नाना म्हणू देत. खुशाल म्हणू देत! आणि पहिल्या दिवशी चुडामण शिकवायला उभा राहील तेव्हा मला बोलवायला सांग. मी पुढच्या रांगेत बसेन, वही घेऊन, आणि खापराचं वाक्य त्यानं स्वतःचं म्हणून सांगितलं तरी चालेल.

चल, निघ आता. पोहे डब्यात घालून देईल मंदा. दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत काही नाही. आणि हात जोडू नकोस मला, हात खाली कर, तुझ्या बापाला विचारल्याशिवाय माझ्या पायाही पडायचं नाही. — काय? कधी कळलं? ते पाकिटाच्या मागं लिहिलंय, वाच की. तीन वर्षांनी दिवाळीच्या आवराआवरीत पाकीट फाटलं, आणि हिनं टोक उचलून परीटासाठी माझ्या नावाचा घातलेला लाल दोऱ्याचा 'जी' दाखवला. माझा विश्वास बसेना. दोरा कुणाचाही असेल म्हटलं, जी अक्षराची माणसं कमी आहेत का. मग सुट्ट्या संपल्यावर ते घेऊन कॉलेजात गेलो, वस्त्रांच्या प्रयोगशाळेत, आणि धागा सूक्ष्मदर्शकाखाली तीन वेळा पाहिला. तागाचा तंतू सरळ असतो, त्याला गाठी असतात. हा चपटा होता, फितीसारखा पिळलेला. नऊ नोव्हेंबर, दोन हजार बावीस. सूत होतं ते.